तिसरं तोंड, डावी भिंत

आईला मी सांगितलं होतं की मी कोणालाही काही बोललेले नाही. ते खरंच होतं. बोलले नव्हतेच. बावीस वर्षं भोसरीतल्या एका धातू तपासणीच्या लॅबमध्ये काढली की माणूस तसंही बोलायचं विसरतो. दिवसभर स्पेक्ट्रो मशीनचा तडतडाट, बाहेर टेम्पोंचे हॉर्न आणि काउंटरवर वर्कशॉपवाल्यांची घाई. एक जण जुन्या भोसरीतल्या घराण्यातला, तीन शेड्सचा मालक. तो दर आठवड्याला कपाळाला आठ्या घालून यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, आमच्या ड्रिलात कोबाल्ट हाय का न्हाई तेवढं सांगा. बाकी रिपोर्ट तुमच्यापाशीच ठेवा."

कोबाल्ट असलं की ड्रिल तापून लाल झालं तरी धार सोडत नाही, म्हणून ते महाग. आणि महाग म्हटलं की नकली आलंच. खोक्यावर कोबाल्ट छापलेलं असतं आणि आत साधं पोलाद. तुकडा मशीनखाली धरायचा, एक ठिणगी पाडायची की अर्ध्या मिनिटात लबाडी पकडली जाते. हेच काम मी बावीस वर्षं केलं. खोटा माल ओळखायचा पगार घेणारी बाई मी, आणि माणूस ओळखण्यात नापास झाले. हे लिहिताना अजूनही कानशिलं तापतात.

माझं माहेर कोकणात, अगदी दक्षिणेकडे. समुद्राला लागून एक डोंगर, आणि त्या डोंगरात एके काळी मॅंगनीजची खाण होती. मी शाळेत असतानाच ती बंद पडली. डोंगरात आडवी खोदलेली तीन भुयारं तेवढी राहिली. त्यांना आमच्याकडे तोंडं म्हणतात. पहिल्या तोंडात वटवाघळं, दुसरं ढासळलेलं. तिसऱ्या तोंडात शिरलं की सात पावलांवर डाव्या हाताला एक भिंत लागायची. पावसाळा सरला की त्या भिंतीला रंग फुटायचा. जांभळट गुलाबी, सोलकढीत कोकम जास्त पडलं की होतो तसा. बारीक बारीक काड्यांची फुलं, काही नखाएवढी, हात लावला की बोटाला भुकटी लागायची.

डोक्यावरून दगडाच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांनी ती भिंत पहिल्यांदा पाहिली. माझी पणजी त्यांतलीच एक. तिने भिंतीला बोट लावलं, ते कपाळाला लावलं आणि म्हणाली, हे देवीचं कुंकू. झालं, तेव्हापासून नवरात्राच्या पाचव्या माळेला गावातल्या बायका तिथे जायच्या. पुरुष बाहेरच थांबायचे. पहिलं बोट लावायचा मान आमच्या घराचा, कारण पणजीने लावलं होतं. तोंडाला बांबूचं बेडं घातलेलं असायचं. त्याची दोरी सोडायची ती आमच्याच घरच्या बाईने. पणजीनंतर आजीने सोडली, आजीनंतर आईने. मोठी इस्टेट नव्हती आमची, जमीन नव्हती, बागायत नव्हती. होता तो हा एवढाच मान, आणि आई त्यावर राणीसारखी जगली.

गावातली मुलगी लग्न होऊन निघाली की तिला त्या कुंकवाची एक डबी मिळायची. मला मिळाली ती औषधाच्या गोळ्यांची पत्र्याची डबी होती. आईने ती माझ्या ओच्यात ठेवली आणि म्हणाली, "खंय गावता ता कोणाक सांगा नको." ती डबी आणि तिच्या जागेचं गुपित घेऊन मी भोसरीत आले. नवऱ्याची कंपनी चाकणला, खोली भोसरीत. डबी देव्हाऱ्यात बसली.

आता सरांबद्दल सांगायला हवं. लॅबचे प्रमुख. मी आले तेव्हा कोकणातल्या कॉलेजची बीएस्सी, तोंडात मालवणी हेल. बाकीचे हसायचे, माझ्या नकला करायचे. सरांनी एकदा सगळ्यांना उभं करून झापलं. त्यानंतर कोणी हसलं नाही. काम त्यांनी शिकवलं. लॅबमध्ये काम म्हणजे आधी रजिस्टर. नोंद केल्याशिवाय नमुन्याला हात लावायचा नाही. कोणी आणला, कुठून आणला, नेमकं कुठून, सगळे रकाने भरायचे. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, पांढरा रंग फासायचा नाही. एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. "खोडलेलं वाचता आलं पाहिजे," ते म्हणायचे. "नाहीतर तो पुरावा राहत नाही, लबाडी होते."

बाबा गेले तेव्हा मला रडूही फुटत नव्हतं. सरांनी स्वतःची गाडी काढली, घाट उतरून मला गावी पोचवलं. आईने त्या अवस्थेत त्यांना चहा करून दिला. ते अंगणात उभे राहून डोंगराकडे बघत होते. खाण कसली, किती जुनी, असं काहीबाही विचारत होते. मला वाटलं, दुःखातून लक्ष दुसरीकडे वळवतायत. गेल्यावर आई म्हणाली, "तुझे सर म्हणजे देवमाणूस." मला ते पटलेलं होतंच. सरांना दगडांचा नाद आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुण्याच्या आसपास विहिरी खणताना निघणारे स्फटिक ते जमवायचे. सोबत आणखी तीन मित्र, सगळे तसलेच. आम्हाला गंमत वाटायची. कोणाला दारूचा नाद असतो, ह्यांना दगडांचा. बरंच म्हणायचं की.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी काचेच्या बंद भांड्यातली सिलिका जेल बदलत होते. ओल शोषून घ्यायला नमुन्यांच्या भांड्यात निळे दाणे ठेवतात. त्या निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो, ओल लागली की तो गुलाबी होतो. शेकडो वेळा बदलले असतील ते दाणे. त्या दिवशी तळहातावर घेतले आणि बघतच राहिले. पाऊस झाल्यावर गुलाबी. आमची भिंत.

दुसऱ्या दिवशी मी देव्हाऱ्यातली डबी पर्समध्ये घालून नेली. कशाला नेली? उगाच खाज. आयुष्यभर दुसऱ्यांचे नमुने तपासले, एकदा आपला तपासावा असं वाटलं. मशीनला भुकटी चालत नाही, म्हणून सरांकडे गेले. त्यांनी जुनी पद्धत काढली. तारेच्या कडीवर टाकणखार तापवला की काचेसारखा मणी होतो. तो मणी त्यांनी भुकटीला टेकवला आणि पुन्हा ज्योतीत धरला. निवल्यावर मणी निळा झाला होता, शाईच्या दौतीसारखा गडद. मग थोडी भुकटी कोळशावर तापवली. लसणाचा वास सुटला.

"सोमल," सर म्हणाले. "आर्सेनिक, विष. कोबाल्ट आहे आणि सोमलही आहे. कपाळाला लावता हे? वेडाबाई, बंद कर आजपासून." मग ते बराच वेळ भिंगातून बघत बसले. "असं इथं असायला नको," ते पुटपुटले. "आपल्याकडे नाहीच हे."

मी घाबरले. सोमलाला नाही, त्यांच्या आवाजाला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी म्हणाले, "सर, ही बायकांची जागा आहे. आईचा मान आहे. कोणाला कळता कामा नये."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्यावर विश्वास आहे ना? कुठून आणलंस ते मलासुद्धा सांगू नकोस." आणि दारापर्यंत जाऊन वळून म्हणाले, "फक्त रजिस्टर पूर्ण कर. नमुना तपासलाय, नोंद हवी."

मी नोंद केली. नमुन्याचं ठिकाण ह्या रकान्यात लिहिलं: गावाचं नाव, जुनी खाण, तिसरं तोंड, आत सात पावलं, डावी भिंत, छातीच्या उंचीवर. कोणी म्हणेल, एवढं कशाला लिहिलंस? घरगुती नमुना म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी स्वतःला हजारदा विचारलंय. हाताला सवय लागलेली होती. रकाना कोरा दिसला की हात थांबतच नाही. आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता. ह्या रजिस्टरात चाकण, तळेगाव, कुरुळी, कुठकुठली नावं. आज माझ्या गावाचं आलं. वळणदार अक्षरात लिहिलं मी.

सोमलाचं आईला फोनवर सांगितलं. ती हसली. म्हणाली, आजी नव्वदीपर्यंत लावत होती, तिला काही झालं नाही. मीही पुढे रेटलं नाही. वर्षातून एकदा एक बोट, असं स्वतःला समजावलं.

पुढच्या वर्षीच्या नवरात्रात, पाचव्या माळेला दुपारी आईचा फोन आला. मी काउंटरवर होते.

"गो, भिंत नाय रवली."

"म्हणजे?"

"कोणीतरी तासून नेल्यान. मशीनान चौकोन चौकोन कापून. आत काळो दगड तेवढो शिल्लक आसा."

बायका सगळ्या नटूनथटून आल्या होत्या. आईने बेड्याची दोरी सोडली, पहिली आत गेली आणि हळदीचं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. पावसाळ्याआधी पुण्याची गाडी आली होती, असं मला नंतर कळलं. चार माणसं किनाऱ्यावरच्या हॉटेलात दोन दिवस राहिली होती. पण गावातली माणसं त्यांच्यावर का संशय घेतील? पुण्याच्या माणसाला तिसरं तोंड काय माहीत, सात पावलं काय माहीत? दोरी कोणाकडे असते? आमच्याकडे. मग आतल्याच कोणीतरी विकलं. हे तोंडावर कोणी बोललं नाही, पण त्या दिवशी आईच्या ताटातली हळद कोणी घेतली नाही.

"तू कोणाक बोललंस नाय मां?" आईने विचारलं.

"नाय गो आये. तुझी शपथ."

शपथ घेतली मी. तीही आईची.

फोन ठेवून सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर रडले. त्यांनी पाणी दिलं. चहा मागवला. शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मधे मधे मान हलवत. "माणसं फार खालच्या थराला गेलीत गं," ते म्हणाले. "देवाचंही सोडत नाहीत." मला तेवढ्यानेच बरं वाटलं. चहा संपवून मी कामाला गेले.

त्या चहाचा घोट आजही घशात आहे. बाकी सगळं एक वेळ मी विसरेन. माणूस लोभाला बळी पडतो, मान्य. पण समोर बसून माझं रडणं बघून, माझ्या कपात साखर हलवून देऊन, तो म्हातारा देवाचंही सोडत नाहीत म्हणाला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. दुखलंसुद्धा नाही तेव्हा.

दोन महिन्यांनी सर निवृत्त झाले. वाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण होता, लॅबच्या सगळ्यांना बोलावणं. मी नऊवारी नाही, पण ठेवणीतली साडी नेसले. आम्ही तिघी बसने डांगे चौकापर्यंत आणि पुढे रिक्षाने गेलो. लिफ्टमधून वर जाताना कानात दडे बसले. हॉलमध्ये चौरंग, केळीचे खांब, एसीत गारठलेले भटजी. एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत काचेचं कपाट, आत दिवे, आणि दिव्यांखाली दगड.

मधल्या फळीवर आमची भिंत होती.

ओळखायला अर्धा सेकंदही लागला नाही. आपल्या आईचा हात कोणी कापून कपाटात ठेवला तर ओळखायला किती वेळ लागेल? टाइलएवढा तुकडा, कडा कटरने सरळ कापलेल्या, आणि वर तीच सोलकढीच्या रंगाची फुलं, दिव्यात चमकणारी. खाली पांढरी चिठ्ठी. अक्षर सरांचं, शब्द माझे. गावाचं नाव, जुनी खाण, तिसरं तोंड, सात पावलं, डावी भिंत. छातीच्या उंचीवर, हेसुद्धा त्यांनी गाळलं नव्हतं.

सरांच्या बायकोने, काकूंनी, नेमकं तेव्हाच मला हळदीकुंकू लावलं. कुंकवाचा करंडा धरलेला त्यांचा हात आणि त्यांच्या खांद्यामागे ते कपाट. मी वाकून नमस्कारही केला. सवय.

सर बाल्कनीत होते, खाली हायवेवरची गाड्यांची रांग पाहुण्यांना दाखवत. पाहुणे आत गेल्यावर मी म्हणाले, "सर, ती आमची भिंत आहे."

ते दचकले नाहीत. हे मला जास्त लागलं. "तू बघशील हे माहीत होतं मला," ते म्हणाले. "रागावू नकोस. दर पावसाळ्यात वाहून जात होतं ते. आम्ही वाचवलं. नीट काचेत राहील, शंभर वर्षं राहील. जाणकार येऊन बघतात. तुझ्या गावाचं नाव कुठल्या कुठे जाईल."

"तुम्ही म्हणाला होतात, मलाही सांगू नकोस."

"मग? तू सांगितलंस का?" त्यांचा आवाज अगदी शिकवतानाचा, समजुतीचा. "तू लिहिलंस. आणि रजिस्टर लॅबचं असतं, बाळा. कोणा एकाचं नसतं."

मी म्हणाले, आईच्या ताटातली हळद कोणी घेतली नाही. ते आत गेले आणि प्लास्टिकची एक डबी घेऊन आले, कापसावर गुलाबी तुकडा ठेवलेली. "हा तुझ्या आईला दे. आम्ही चौघांनी वाटून घेतलं त्यातला माझा वाटा आहे."

त्यांच्या हातून मी काही घेतलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं आणि वर मला मूठभर दाणे देत होतं. प्रसाद मात्र घेतला, प्रसादाला नाही म्हणता येत नाही. रिक्षात बसल्यावर मूठ उघडली तेव्हा शिरा बोटांमधून बाहेर आला होता. बरोबरच्या दोघी विचारत होत्या, काय झालं. मी म्हणाले, एसी लागला.

मग माझ्या मनाने एकच धोशा लावला. रजिस्टर पूर्ण कर, हे त्यांनी जाणूनबुजून म्हटलं होतं का? की आधी खरंच नुसता नियम होता आणि वाचल्यावर लोभ सुटला? बावीस वर्षं मला जे शिकवलं त्याच्याच जोरावर त्यांनी मला पकडलं, की तो योगायोग? हे मला कधीच कळणार नाही. जाणूनबुजून म्हटलं असेल तर मी मूर्ख ठरते. नसेल तर मी त्यांच्याहून वाईट, कारण मोहात मीच पाडलं.

रजा टाकून गावी गेले. आईला सगळं सांगायचं ठरवलं होतं आणि सांगितलंही. ती पडवीत कोकमं निवडत बसली होती. मणी निळा झाला तिथपासून वाकडच्या कपाटापर्यंत सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाली, "माझ्या हातची च्या पिऊन गेलो तो."

"आये, मी शपथ खोटी घेतली नाय. मी तोंडान सांगलंय नाय कोणाक."

"तोंडान नाय सांगलंस, हातान सांगलंस."

थोड्या वेळाने सूप बाजूला ठेवून ती माझ्याजवळ सरकली. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"बायकांका मी सांगलंय, चूक माझ्या हातून झाली," ती म्हणाली. "म्हटलंय, माझा सोवळा मोडला, देवी रुसली. मान सोडलंय मी. पुढच्या वर्षापासून बेड्याची दोरी वरच्या वाडीतली सोडतली. आता तू खरा सांगलंस तर गावात तुका कोण दारात उभी करूचो नाय. गप रव."

म्हणजे तिला आधीच कळलं होतं. फोनवर मी शपथ घेतली तेव्हाच. पुण्याची गाडी म्हटल्यावर तिला पुढचं कोणी सांगायची गरज नव्हती. तीन पिढ्यांचा मान तिने माझ्यासाठी सोडला, खोटं बोलून सोडला, आणि दोन महिने मला त्याचा पत्ता लागू दिला नाही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिच्या हाताला कोकमाचा वास होता. भिंतीत काळा दगड आहे, त्याला पुन्हा रंग येईल का, असं तिने विचारलं. दगडातली धातूची अख्खी शीर कापून नेलीय, येणार नाही, हे मला माहीत होतं. येईल, म्हणाले.

भोसरीला परत आल्यावर पहिल्याच सकाळी कपाटातून त्या पावसाळ्याचं रजिस्टर काढलं. पान फाडावं असं मनात आलं. फाडलं नाही. सरांनी शिकवलं होतं तसंच केलं, दुसरं काही मला येतच नाही. ठिकाणाच्या रकान्यावर एक सरळ रेघ मारली. शेजारी बरोबर नोंद लिहिली: आईने दिला. खाली सही केली.

रेघेखालचं सगळं अजून स्पष्ट वाचता येतं.